मोले म्हणून जे आलं ते

ऑफिसच्या कामासाठी ऑस्टिनहून सॅन अँटोनियोला गेले होते. बरोबरचे दोघे संध्याकाळीच परतले. माझी एक मीटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी होती. एकटीने जेवायचा मला कंटाळा नाही. उलट 'शेअर करूया का?' म्हणत कुणी आपल्या ताटात चमचा घालत नाही, हे सुख मोठं. शिवाय गाव सॅन अँटोनियो. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोतच होतं. इथल्या चौकांत एकोणिसाव्या शतकात मेक्सिकन बायका रात्री कंदील लावून झणझणीत 'चिली' विकायच्या. अशा गावात पोटभर आणि चवीचं मिळेल, एवढी अपेक्षा काही फार नव्हती.

मुक्काम रिव्हर वॉकजवळ होता. रस्त्यावरून पायऱ्या उतरलं की खाली नदी, दोन्ही काठांना हॉटेलं, रंगीत छत्र्या. दारातल्या मुलीने 'एकच?' असं विचारलं, तेही रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. पाण्याकाठची दोन-तीन टेबलं रिकामी दिसत होती, पण ती म्हणे मोठ्या ग्रुपसाठी. मला आत, स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशेजारी बसवलं. दार उघडलं की भांड्यांचा खणखणाट, मिटलं की एसीचा झोत. ग्वाकामोले टेबलाशी येऊन ताजं करून देणार होते, पण किमान दोन माणसं हवीत. ॲव्होकॅडो एकटीला जड जातो असं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे!

मेनूत 'मोले एन्चिलाडा' दिसलं आणि मी पुढचं वाचलंच नाही. प्युएब्लाच्या एका सहकारिणीने एकदा आम्हाला घरी मोले खाऊ घातला होता. तीन प्रकारच्या वाळक्या मिरच्या भाजून भिजवलेल्या, तीळ, दाणे, बदाम, मनुका, दालचिनी, लवंग, दाटपणासाठी तळलेली टॉर्टिया, आणि सगळ्यात शेवटी चॉकलेटचा छोटा तुकडा. खोबरं तेवढं नव्हतं, नाहीतर आमच्या काळ्या मसाल्याचं वाटणच. आधी मिरचीचा धुरकट कडवटपणा, मग तिखट, आणि गोडवा अगदी मागाहून. ती चव तोंडात घेऊनच मी वेटरला विचारलं, "बीन्समध्ये डुकराची चरबी असते का?" तो आत जाऊन आला. "थोडीशी," म्हणाला. मग बीन्स नकोत. त्याऐवजी काय देणार? "आणखी भात."

चिप्सबरोबर फुकट आलेला साल्सा फ्रीजमधून थेट टेबलावर आलेला, केचपच्या वळणाचा.

एन्चिलाडा पाच मिनिटांत हजर. "प्लेट फार गरम आहे, हात लावू नका," असं वेटरने बजावलं, आणि प्लेट होतीच गरम. आतलं चिकन मात्र मधोमध गारढोण. मोलेवर साय धरली होती. काट्याने उचलली तर अख्खी उचलली गेली, खाली चकचकीत तपकिरी पाक. पहिला घास गोड. दुसराही गोड. तिसऱ्याला दालचिनी लागली. मिरची शोधत शेवटपर्यंत गेले. आणि टॉर्टियाचा लगदा झालेला. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, दळून केलेल्या टॉर्टियाला स्वतःचा एक वास असतो. चुना म्हणजे आपण पानाला लावतो तोच. त्याने मक्यातलं जीवनसत्त्वही अंगी लागतं. युरोपने मका नेला, चुना मागे ठेवला, आणि मक्यावर जगणाऱ्या गरिबांना त्या जीवनसत्त्वाअभावी पेलाग्रा हा रोग झाला. माझ्या ताटातल्या टॉर्टियाला वास होता तो प्लॅस्टिकच्या पाकिटाचा.

एवढ्यात मारियाची, म्हणजे मेक्सिकन वादकांचा ताफा, आले. शेजारच्या टेबलावर वाढदिवस होता, तिथलं गाणं संपवून सगळे माझ्याकडे वळले. नको म्हणेपर्यंत सुरू. दहा जणांच्या टेबलावर गाणं वाटलं जातं. एकटीवर ते सगळंच्या सगळं येतं. तोंडात घास, हातभर अंतरावर ट्रम्पेट. बघायचं कुठे? वाजवणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं तर भलतंच, ताटात बघावं तर त्यांचा अपमान. मी सगळा वेळ गिटारॉनच्या तारांकडे बघून मान डोलावत राहिले. पंधरा डॉलर गेले. पण ट्रम्पेटवाला उत्तम वाजवत होता, हे कबूल करायला हवं.

"जेवण कसं होतं?" या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं: मोले गोडमिट्ट, चिकन आतून थंड. वेटर जरा ओशाळला. "इथे येणाऱ्यांना असाच आवडतो," म्हणाला. बिल कर धरून तीस डॉलरच्या आसपास. टीप मी वीस टक्के ठेवली. टेक्सासात टीप मिळवणाऱ्याला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले की कायद्याचं समाधान होतं. बाकीचं किमान वेतन टीपमधून भरून यावं असा हिशेब आहे. मोले काही त्याने केला नव्हता.

सॅन अँटोनियोला गेलात तर रिव्हर वॉकवर जरूर हिंडा, बोटीतही बसा. जेवायला मात्र पायऱ्या चढून वर या, टॉर्टिया जिथे समोर थापून भाजतात असं दुकान शोधा, आणि बीन्समध्ये 'मांतेका', म्हणजे डुकराची चरबी, आहे का ते ऑर्डर देण्याआधी विचारा.