आधी युनिट्स लावा

1960 च्या आगेमागे जन्मलेल्या आमच्या पिढीच्या घरांत एका छपराखाली तीन-चार मापं सुखाने नांदायची. आजीचं धान्य पायलीत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. आईचं रेशन किलोत, पण ब्लाउजपीस वारात. वडिलांचं शेत एकर-गुंठ्यात, घर फूट-इंचात. आणि शाळेत आम्ही मीटर, लिटर, ग्रॅमची कोष्टकं घोकत होतो. वजनमापांचा कायदा 1956 साली झाला, 1957 च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, मागोमाग किलो-मीटर. बाजारातली मापं पुढच्या काही वर्षांत बदलली, जिभेवरची मात्र बदलली नाहीत. अडीचशे ग्रॅम पावडर आणायला पाठवताना आई 'पावशेर चहा आण' असंच म्हणायची, आणि वाणीही काही न विचारता बरोबर तेवढाच बांधून द्यायचा.

आमच्या दप्तरातल्या लाकडी पट्टीच्या एका कडेला इंच असायचे आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. आम्ही त्या दोन कडांमध्येच वाढलो असं मला मनापासून वाटतं.

आमच्यातले बरेच जण पुढे आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल झाले, काही पॉलिटेक्निकला गेले. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, मिनी ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर, चुकलेली शाईची रेघ खरवडायला अर्धं ब्लेड, आणि अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत पाणी आणणारा वास. तिथे प्रमाण आधी ठरायचं. 1:100 ठरलं की त्रिकोणी स्केलची ती कड वर करायची आणि कामाला लागायचं. महापालिकेचा नकाशा मीटरमध्ये काढायचा आणि साइटवर मिस्त्रीला तोच फूट, इंच, सुतात सांगायचा. आठ सुतांचा इंच. नऊ इंची भिंत खरी 228.6 मिलिमीटरची, ती कागदावर आम्ही सगळ्यांनी 230 लिहिली आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

नव्वदीच्या दशकात कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं ऑटोकॅड आलं. वयाची तिशी ओलांडलेली आम्ही माणसं संध्याकाळच्या बॅचला पोरांच्या शेजारी जाऊन बसलो. शिकवणाऱ्या सरांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: 'आधी युनिट्स लावा.' 'युनिट्स' टाइप करून एंटर मारला की लांबीचे पाच प्रकार समोर यायचे: आर्किटेक्चरल, डेसिमल, इंजिनिअरिंग, फ्रॅक्शनल, सायंटिफिक. आर्किटेक्चरल किंवा इंजिनिअरिंग घेतलं की एक युनिट म्हणजे एक इंच. बाकीच्यांत ते युनिट म्हणजे काय, हे मनाशी आपण ठरवायचं. आयुष्यभर प्रमाण आधी ठरवलेल्या हातांना इथे सगळं खऱ्या आकारात काढायचं आणि प्रमाण थेट प्लॉट काढताना द्यायचं, हे पचायला वेळ लागला. पण एकदा पचलं आणि हात मोकळा झाला.

पाच फूट सहा इंच दोन सूत हे माप द्यायचं तर 5'6-1/4" असं लिहावं लागे. सहा आणि पावामध्ये जागा सोडायची सोय नव्हती, कारण स्पेसबार म्हणजे एंटर, म्हणून मधे आडवी रेघ. प्रिसिजनचा रकानाही समजून घ्यावा लागला. तो शून्यावर ठेवला तर 228.6 ची भिंत 229 दिसते, पण आत ती 228.6 च राहते. मग दिसणाऱ्या मापांची बेरीज एकूण लांबीशी जुळत नाही आणि नवशिका घाबरून जातो. दुसऱ्याकडून आणलेला दरवाजाचा ब्लॉक हा तर सगळ्यांचा अनुभव. मिलिमीटरमधला 900 चा दरवाजा इंचाच्या नकाशात टाकला की तो 900 इंच होतो, म्हणजे 75 फूट रुंद, आणि अख्खं घर त्याच्या चौकटीत मावतं. ब्लॉक आपोआप लहान-मोठा करणारा इन्सर्शन स्केलचा रकाना 2000 च्या आवृत्तीत आला. तोवर एका इंचाचे मिलिमीटर, 25.4, हा आकडा आम्हाला पाठ झालेला होता.

घरी कॉम्प्युटर आला तेव्हा वडिलांनी गावच्या गुंठाभर जागेचा नकाशा काढून मागितला. मी मिलिमीटरमध्ये काढला. ते चष्मा पुसून पडद्याजवळ आले, बाजूवरचा 10058 हा आकडा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ही आपली जागा नव्हे." मी फाइलची प्रत केली, स्केल आज्ञेत रेफरन्स घेऊन 25.4 चा 1 केला आणि युनिट्स आर्किटेक्चरल लावली. नुसती युनिट्स बदलून भागत नाही, त्याने फक्त लिहिण्याची तऱ्हा बदलते. माप पुन्हा टाकलं, 33'-0" उमटलं. तेहेतीस बाय तेहेतीस, 1089 चौरस फूट, एक गुंठा. वडिलांनी बोट लावून चारी बाजू मोजल्या आणि आईला हाक मारली.

आता फ्लॅटचा कार्पेट एरिया कागदावर चौरस मीटरमध्ये येतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये, आणि आमची मुलं नातेवाइकांना घर सांगतात ते चौरस फुटातच. मला यात गोंधळ वाटत नाही. दोन्ही मापं येणारं माणूस घरात असलं की झालं. अशी माणसं आता सत्तरीकडे निघाली आहेत, एवढंच खटकतं.

तेव्हा एक विनंती आहे. तुमच्या कपाटात वडिलांच्या वेळचा घराचा, विहिरीचा, शेताचा नकाशा असेल तर तो बाहेर काढा, आणि त्यावरचे आकडे फूट, मीटर की मिलिमीटर, हे ज्याला ठाऊक आहे त्याला विचारून आजच पेनने कोपऱ्यात लिहून ठेवा.