दोन देश आणि धनजचे दोन प्रश्न

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे उमऱ्याला गेलो. आमच्या गटाच्या कार्यक्रमात मक्का-मदीनेनंतर पाच दिवस इस्तंबूलही होते. उमऱ्याला जाणाऱ्याकडे आपले लोक दुआ सोपवतात, तशा त्या आमच्याकडेही आल्या. पण निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन प्रश्नही सोबत मिळाले.

पहिला प्रश्न शेजारच्या काकांचा. सोयाबीन नुकतेच विकून झाले होते, तूर फुलावर होती. ओट्यावर बसत काका म्हणाले, "गुरुजी, तिकडं पाऊस पडत नाई म्हंते, नदी नाई म्हंते. मंग ते लोक पिकवते कसं अन् खाते काय? तेवढं पाहून या."

दुसरा प्रश्न आपांचा. त्यांचा धाकटा, म्हणजे आमचा भाचा, दहावीत अडकला आणि तेव्हापासून मालवाहू गाडी चालवतो. एका एजंटाने त्याला सौदीत 'हाऊस ड्रायव्हर'चा व्हिसा देतो असे सांगून सव्वा लाख रुपये मागितले होते. आपा म्हणाल्या, "भाई, तू सगळे डोळ्यांनी बघशील. माझा मुलगा तिथे सुखात राहील का, तेवढे खरे सांग. लोक तर दोन्ही बाजूंनी बोलतात."

धनज हे कारंजा तालुक्यातले काळ्या मातीचे गाव. इथून मूर्तिजापूर, तिथून रेल्वेने मुंबई आणि मुंबईहून विमानाने जिद्दा. हे दोन प्रश्न आम्ही सोबत नेले आणि बहुतेक सगळे त्यांच्याच नजरेतून पाहिले.

मक्केला पोहोचल्यावर पहिले लक्षात आले ते डोंगर. आपल्याकडचा डोंगर उन्हाळ्यातही कुठेतरी खुरटा पळस दाखवतो. इथे नुसता काळपट दगड. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी आपल्या कुटुंबाला अशा खोऱ्यात सोडले, जिथे काहीच पिकत नव्हते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्याचा अर्थ तिथे उभे राहिल्यावर कळला. सौदी अरेबियात बारमाही नदी एकही नाही. झमझमचे पाणी प्रत्येक जण श्रद्धेने पितो, पण शहराच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः समुद्राचे, कारखान्यात क्षार काढून गोडे केलेले. अशा पाण्याच्या उत्पादनात हा देश जगात पहिला आहे.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर आणखी खोल होते. १९८० च्या दशकात या देशाने वाळवंटात गहू पिकवून दाखवला होता. हजारो वर्षांपूर्वी जमिनीखाली साठलेले पाणी खोल विहिरींतून उपसले, सरकारने चढा भाव दिला आणि वाळवंटात हिरवी गोल शेते उभी राहिली. देशाची गरज भागून गहू निर्यात होऊ लागला. पण ते पाणी पावसाने पुन्हा भरणारे नव्हते. अखेर २००८ मध्ये सरकारने स्थानिक गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले आणि २०१६ पर्यंत ती थांबवली. तेलाचा पैसा असल्याने त्यांनी बाहेरून गहू घेतला. ज्याच्याकडे तो पैसा नाही आणि बोअरवेल मात्र दरवर्षी खाली जाते, त्याने काय घ्यावे?

माणसांविषयी सांगायचे तर पहिले चार दिवस आम्हाला सौदी माणूस जवळजवळ भेटलाच नाही. हॉटेलची खोली झाडणारा बांगलादेशी, काउंटरवरचा इजिप्तचा, टॅक्सीवाला पाकिस्तानी आणि डोके मुंडणारा उत्तर प्रदेशचा. २०२२ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ३ कोटी २२ लाख होती आणि त्यात १ कोटी ३४ लाख परदेशी होते. म्हणजे दर पाच माणसांत दोन बाहेरची. आपल्याकडे परत आलेले काही जण "अरब लोक तुसडे असतात" असे सांगतात. खरे तर त्यांचा संबंध आलेला असतो तो गर्दी हटवणाऱ्या शिपायाशी.

मदीनेत आम्हाला वेगळा अनुभव आला. सोमवारी संध्याकाळी मस्जिद-ए-नबवीत रोजेदारांसाठी दस्तरखान अंथरले जात होते. एका वृद्ध गृहस्थांनी आमची बाही धरली आणि सोडलीच नाही. खजूर, रोटी, दही आणि वेलदोड्याचा कहवा. चिमुकला प्याला रिकामा झाला की ते पुन्हा भरत. पाचव्या प्याल्यानंतर शेजारच्याने हळूच सांगितले की 'पुरे' म्हणायचे असेल तर प्याला हलवून परत द्यायचा असतो. त्यांना आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची बोलता येत नव्हती. तरी निघताना त्यांनी आमच्या खिशात खजूर भरले. ज्या प्रदेशात पाणी नाही, तिथे पाहुण्याला पाजणे हा जीवनमरणाचा धर्म असतो. तेल सापडले १९३८ मध्ये, ही सवय त्याच्या फार आधीची.

बदलही दिसला. मक्का-मदीना हा ४५० किलोमीटरच्या मार्गावरचा प्रवास आम्ही हरमैन रेल्वेने सुमारे अडीच तासांत केला. ही गाडी २०१८ मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी तिथल्या स्त्रियांना मोटार चालवण्याची परवानगी मिळाली. २०२३ च्या जानेवारीत ३२ सौदी तरुणी ही ताशी ३०० किलोमीटर धावणारी रेल्वे चालवण्यासाठी तयार झाल्या. आमच्या वर्गातल्या मुलींना सांगण्यासारखी ही गोष्ट होती.

आपांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्टेशनावर नव्हते. ते हॉटेलमागच्या गल्लीत, रात्री अकरानंतर मिळाले. तिथे आपल्या देशातले चार-पाच कामगार जेवायला बसत. एका खोलीत आठ जण राहत. त्यांतला एक सहा वर्षांपासून तिथे होता. त्याने त्या पैशातून गावात घर बांधले, दोन बहिणींची लग्ने केली. तो कृतज्ञ होता. दुसऱ्याचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला होता. तिथल्या कायद्याने असे करता येत नाही, हे त्याला माहीत होते. पण मागायची हिंमत नव्हती. भाच्याचे सांगितल्यावर पहिला म्हणाला, "मास्टरसाहेब, कंपनीचा व्हिसा असेल तर येऊ द्या. घरच्या ड्रायव्हरचा असेल तर दहा वेळा विचार करा."

कारण त्यानेच समजावले. मार्च २०२१ पासून सौदीत कामगाराला कराराचे एक वर्ष झाल्यावर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येते, देशाबाहेरही जाता येते. पण घरकाम करणारे आणि घरचे ड्रायव्हर त्या सुधारणेतून वगळले गेले. म्हणजे आमच्या भाच्याला देऊ केलेली नोकरी नेमकी त्या दाराबाहेरची होती.

मदीनेत शेवटच्या दिवशी आम्ही जुने हिजाज रेल्वे स्टेशन पाहिले. सुलतान अब्दुल हमीद यांच्या काळात १९०० मध्ये काम सुरू होऊन १९०८ मध्ये दमास्कसहून मदीनेपर्यंत रूळ आले. जगभरच्या मुसलमानांनी त्यासाठी वर्गणी दिली, त्यात हिंदुस्थानचाही पैसा होता. पहिल्या महायुद्धात ती रेल्वे मोडली. आमच्या कारंज्याची शकुंतलाही बंद पडली आहे, पण ती इंग्रजांच्या काळात कापूस वाहून नेण्यासाठी होती, ही यात्रेकरूंसाठी.

त्याच रात्री आम्ही इस्तंबूलला निघालो. या दोन शहरांना जोडणारे आणखी एक नाव आहे, हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.). हिजरतनंतर प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत ज्यांच्या घरी उतरले ते हे यजमान. त्यांची कबर इस्तंबूलच्या अय्यूब भागात आहे. मदीनेच्या यजमानाच्या दारी आम्ही थंड पावसात, स्वेटर घालून पोहोचलो.

तुर्कस्तानात सगळे उलटे वाटले. हिरवे डोंगर, शहराच्या मधोमध समुद्र, दर वळणावर एखाद्या पुण्यवंताने बांधलेला पाण्याचा नळ. आणि झाडणारा, चहा देणारा, बस चालवणारा, बहुतेक सगळे तुर्कच. काम करणाऱ्याजवळून जाताना तिथे लोक म्हणतात, "कोलाय गेल्सिन", म्हणजे "काम सोपे जावो". रस्ता झाडणाऱ्याला दुकानदार म्हणतो, दुकानदाराला गिऱ्हाईक म्हणते. रांधणाऱ्याला म्हणतात, "तुमच्या हातांना आरोग्य लाभो". मजूर आपल्याच घरातला असला की अशी दुआ तोंडात बसत असावी.

पावाला तुर्की भाषेत 'एकमेक' म्हणतात. मराठी शिकवणाऱ्याला तो शब्द ऐकून थांबावेच लागते! बेकरीत एक जुनी पद्धत आहे. एक पाव घ्यायचा, पैसे दोनांचे द्यायचे. दुसरा पाव 'टांगून' ठेवला जातो, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो येऊन घेऊन जातो. देणाऱ्याने घेणाऱ्याला पाहिलेले नसते. पाव खाली पडला तर उचलून चुंबतात, कपाळाला लावतात. आमच्या अम्मीही भाकरीचा तुकडा असाच उचलत.

म्हणून तिथे सुख आहे असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यांनुसार तिथली महागाई वर्षात ८५ टक्क्यांनी वाढली होती. आम्ही गेलो तेव्हाही ती ६० टक्क्यांच्या वर होती. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीच्या भूकंपात ५० हजारांहून अधिक माणसे गेली होती. चहावाला, टॅक्सीवाला, सगळे भाववाढीवर आणि सरकारवर मोकळेपणी तावातावाने बोलत. सौदीत राज्यकर्त्यांविषयी कोणी आमच्याशी चकार शब्द काढला नव्हता. गाझाचे युद्ध तेव्हा पेटलेले होते. एका देशात लोक त्यासाठी हात उचलून हळू आवाजात रडत होते, दुसऱ्यात रस्त्यावर झेंडे घेऊन ओरडत होते. दुःख एकच, व्यक्त करण्याची मुभा वेगळी.

आणखी एक गोष्ट चटका लावून गेली. अय्यूबच्या कबरस्तानात जुन्या दगडांवर अरबी लिपीतली तुर्की कोरलेली आहे. १९२८ मध्ये देशाने लिपी बदलली. आमचा तरुण वाटाड्या आपल्याच पूर्वजांच्या कबरी वाचू शकत नव्हता. उर्दूमुळे अक्षरे आम्हाला ओळखता येत होती, अर्थ कळत नव्हता. मग आम्ही अक्षरे जुळवून वाचत गेलो आणि तो अर्थ सांगत गेला. दोन्ही लिपींत शिकणाऱ्या आपल्या मुलांकडे काय आहे, हे त्या दगडासमोर कळले.

लोक विचारतात, अरब चांगले की तुर्क? हा प्रश्नच आम्हाला आता चुकीचा वाटतो. रक्तात स्वभाव नसतो. पाणी कुठून येते, घाम कोणाचा गळतो आणि बोलायला किती मोकळीक आहे, यांतून तो घडतो. ते घडवणारे कायदे माणसेच करतात, म्हणून तो बदलतोही. आणि दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी स्वतःला विचारावे: आपल्या गल्लीची नाली काढणाऱ्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

परतल्यावर काकांना गव्हाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे आपण बी तेच करून राह्यलो."

आपांना सांगितले, "जाऊ द्या, पण या कागदावर नको." दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सौदीसाठी सरकारची परवानगी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का, हे 'ई-मायग्रेट'च्या संकेतस्थळावर पाहता येते. त्याला ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी, याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. अशा कामगाराचा १० लाखांचा विमाही निघतो. एजंटाकडे आम्ही नोंदणी क्रमांक मागितला. त्याने दुसऱ्या दिवशी सांगतो म्हटले. तो दुसरा दिवस उजाडला नाही.

भाचा आठवडाभर आमच्यावर रुसला. आता तो एसी दुरुस्ती शिकतो आहे आणि दहावीच्या राहिलेल्या विषयांचा अर्जही भरला आहे. जाण्याचे त्याने सोडलेले नाही, पण आता कंपनीचा करार हातात घेऊन, वाचून जाईन म्हणतो. शाळेत पोषण आहार रांधणाऱ्या ताईंना मुले हल्ली जेवण झाल्यावर म्हणतात, "ताई, तुमच्या हातांना आरोग्य लाभो." पहिल्या दिवशी त्या लाजल्या होत्या. आता एखादा विसरला तर त्याला थांबवून विचारतात, "काय रे, आज काही म्हणायचे राहिले का?"