दोन टिटव्या

अमरावतीच्या छत्री तलावाकांठीं ओरडणारी टिटवी आणि अकोल्याकडील कोरड्या माळावर दिसणारी टिटवी एकच, असा आमच्या वऱ्हाडांत पुष्कळांचा समज आढळतो. वस्तुतः त्या दोन बहिणी होत. पाहणारानें डोळ्यापुढील मांसल पाळी पाहावी. ती तांबडी असून गळा व छाती काळी असेल, तर ती पाण्याजवळ रमणारी ताम्रमुखी. पिवळी असून छाती मातकट असेल, तर ती माळटिटवी. पाय दोघींचेही पिवळेच.

पंचतंत्रांतील टिट्टिभाचें बिऱ्हाड समुद्रतीरीं होतें. माळटिटवीला पाणी जवळ नसलें तरी चालतें. बहुधा पावसाळ्यापूर्वींच ती उघड्या जमिनीवर, खड्यांत चार अंडीं घालते. ज्या माळास आपण पडीक म्हणतों, तेंच तिचें सूतिकागृह. तेथें भूखंड पाडतांना एवढें स्मरावें, इतकेंच आमचें मागणें.