ऑपरेशन करायचं, पण कोणतं?

बायकांच्या ऑपरेशनबद्दल आपल्याकडे एकच वाक्य असतं: 'तिची पिशवी काढली.' उधन्यात असो की जळगाव-धुळ्याला, ते हळू आवाजात बोललं जातं आणि विषय तिथेच संपतो. गेल्या वर्षी, वयाच्या ३४व्या वर्षी, मला एंडोमेट्रिओसिसचं निदान झालं, तेव्हा कळलं की या एका आजारासाठी ऑपरेशनं अनेक प्रकारची आहेत. मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. पण निर्णय घेताना जे समजून घ्यावं लागलं, ते मंडळातल्या मैत्रिणींना आणि त्यांच्या नवऱ्यांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो: अंडाशयावर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा त्रास असतो. मुंबईत परळच्या आयसीएमआर-एनआयआरआरसीएच या संस्थेने भारतीय रुग्णांची लक्षणं आणि जनुकं यांचा 'ईसीजीआरआय' नावाचा अभ्यासही हाती घेतला आहे. तरी घराघरात उत्तर एकच, 'पाळीत दुखतंच!'

माझ्या उजव्या अंडाशयात ५ सेंटीमीटरची गाठ होती. आत जुनं, गडद रक्त साठतं म्हणून तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. डावीकडेही एक लहान गाठ होती. पाळीचे पहिले दोन दिवस लॅपटॉपसमोर बसवत नसे. आणि आम्हाला मूल हवं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, गाठ आहे ना, मग काढून मोकळी हो." आईला मात्र मावशी आठवत होती. मावशीची पिशवी ३६व्या वर्षी काढली, तरी पोट-कंबर दुखायची थांबली नाही.

दोघींच्या बोलण्यात तथ्य होतं. पिशवी काढली, पण बाहेर पसरलेला आजार तसाच ठेवला, तर दुखणं राहू शकतं. आजार गर्भाशयाच्या भिंतीतही असेल आणि मूल नको असेल, तर त्या ऑपरेशनचा उपयोग होतो. सोबत दोन्ही अंडाशयं काढली, तर रजोनिवृत्ती लगेच येते आणि त्याचा परिणाम हाडांवर, हृदयावर होतो. म्हणून तरुण वयात हा पर्याय शेवटचा.

गर्भाशय राखून करायचं ऑपरेशन बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतं. आजाराचे वरवरचे ठिपके जाळता येतात किंवा कापून काढता येतात. तो खोलवर गेला असेल, तर नुसतं जाळून भागत नाही. आतड्यापर्यंत पोहोचला असेल, तर आतड्यांचा सर्जनही सोबत लागतो.

गाठीचं गणित वेगळं. नुसती रिकामी केली, तर ती बहुधा पुन्हा भरते. आवरणासकट काढली, तर दुखणं कमी होतं आणि ती परत येण्याची शक्यताही घटते. पण त्या आवरणाबरोबर अंडाशयाचा थोडा निरोगी भागही जातो आणि शिल्लक अंडी कमी होतात. युरोपातल्या ईएसएचआरई या संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही, केवळ आयव्हीएफचं यश वाढावं म्हणून आधी सरसकट गाठ काढू नये, असं म्हटलं आहे.

माझी अडचण नेमकी इथेच होती. दुखणं घालवायचं, तर ऑपरेशन हवं. अंडी वाचवायची, तर थांबायला हवं. शिल्लक अंड्यांचा अंदाज देणारी एएमएच तपासणी केली. आकडा वयाच्या मानाने कमी आला. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं आणि क्रम ठरला: आधी आयव्हीएफ करून भ्रूण गोठवून ठेवायचे, मग उजवीकडची गाठ काढायची, डावीकडच्या लहान गाठीला हात लावायचा नाही.

ऑपरेशननंतर दुखणं निम्म्याहून कमी झालं. एएमएच आणखी उतरला, पण ते आधीच सांगितलेलं होतं. दिवाळीनंतर भ्रूण गर्भाशयात सोडायचं ठरलं आहे. यश येईलच असं कोणी सांगितलेलं नाही.

तुमच्यावर ही वेळ आली, तर डॉक्टरांना एवढं नक्की विचारा:

• ऑपरेशन कशासाठी, दुखण्यासाठी की मुलासाठी?
• गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनाने काही काळ भागेल का?
• आजार जाळणार की कापून काढणार? आतडं गुंतलं असेल तर सोबत कोण असेल?
• अंडाशयावर काय परिणाम होईल? आधी एएमएच करायची का?
• नंतर आजार परत येऊ नये म्हणून काय घ्यावं लागेल?

नवऱ्याला सोबत न्या आणि उत्तरं त्याला लिहून घ्यायला सांगा. आणि घरात एखादी मुलगी दर महिन्याला पाळीमुळे कॉलेज बुडवत असेल, तर 'लग्न झालं की थांबेल' असं म्हणण्याऐवजी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.