सामाईक सोऱ्या

दिवाळी जवळ आली की घरातल्या माणसांच्या अंगात झाडलोटीचे वारे शिरते. माझ्या अंगात ते सहसा शिरत नाही. पण २००४ साली शिरले. घरी माळ्यावरचे डबे खाली येत होते, जुन्या बरण्या बोहारणीच्या वाटेला लागल्या होत्या, आणि मी मध्ये मध्ये केले की, “अहो, तुम्ही जरा बाहेर जाऊन या पाहू,” असे मला ऐकावे लागत होते. मी बाहेर गेलो. सरळ कॉलेजात गेलो आणि तिथल्या डाकेच्या संगणकाची झाडलोट केली! त्या दिवशी एकादशी होती.

तो संगणक म्हणजे माझे लाडके लेकरू. मी तालुक्याच्या गावी पदार्थविज्ञान शिकवीत असे. ‘तुम्हाला त्यातले कळते’ एवढ्या एका वाक्यावर कॉलेजची सगळी ई-डाक माझ्या गळ्यात पडली होती. त्यासाठी मी पोस्टफिक्स नावाचा प्रोग्रॅम वापरीत असे. वीत्से वेनेमा या डच गृहस्थांनी तो लिहून १९९८ साली जगाला फुकट वाटला. हे गृहस्थही मूळचे पदार्थविज्ञानाचेच, याचा मला उगीचच अभिमान वाटे. तयार प्रोग्रॅम घेण्यापेक्षा मूळ मजकूर आणून तो आपल्या यंत्रावर कंपाइल करण्याची मला हौस. विकतच्या चकल्यांना घरच्या चकलीची चव नाही म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

एकादशीला मी पाहिले, तर ‘बर्कले डीबी’ या लायब्ररीच्या दोन आवृत्त्या तिथे नांदत होत्या, एक ४.१ आणि दुसरी ४.२. नवी असताना जुनी कशाला? मी जुनी पुसून टाकली, हात झटकले आणि घरी येऊन अनारशाचे पीठ चाखले.

धनत्रयोदशीला दिवेलागणीच्या सुमारास आमच्या कॉलेजची एक मुलगी दारात उभी राहिली. एम. एस्सी. झालेली, हुशार, घरची बेताची. परदेशातल्या एका विद्यापीठात तिने अर्ज केला होता आणि पत्त्याच्या जागी कॉलेजने दिलेला ई-डाकेचा पत्ता लिहिला होता.

“सर, माझं पत्र आलं असेल का? या आठवड्यात कळवतो म्हणाले होते.”

मी सुपारी कातरता कातरता म्हणालो, “त्यांनीच पाठवलं नसेल अजून. तिकडे कारभार सावकाशीचा असतो.”

ती “बरं सर” म्हणून गेली. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना माझ्या मनात पाल चुकचुकली. तीन दिवसांत मलाही एकसुद्धा पत्र आलेले नव्हते. सुट्टीमुळे असेल, असे मी गृहीत धरले होते.

कॉलेजात जाऊन डाकेची रोजनिशी उघडली. मुख्य कारभारी प्रोग्रॅम जागेवर होता, कारण तो आधीच स्मृतीत जाऊन बसला होता. पण आलेले पत्र उतरवून घ्यायला तो ज्या हाताखालच्या प्रोग्रॅमना नव्याने बोलावी, ते उंबऱ्यातच कोसळत होते. एकाला हाताने हाक मारली, तसे त्याने कारण सांगितले: बर्कले डीबी ४.१ सापडत नाही.

लायब्ररी म्हटल्यावर वाचकांनी पुस्तकांची कपाटे डोळ्यांपुढे आणू नयेत. आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडे आणि पितळी सोऱ्या एकच. प्रत्येकाने आपला विकत घेतला तर पैसाही जाईल आणि फळीवरची जागाही. म्हणून सोऱ्या सामाईक. संगणकातही असेच असते. प्रत्येक प्रोग्रॅमने सगळी हत्यारे आपल्या पोटात बाळगायची नाहीत. काही कामे सामाईक लायब्ररीत ठेवायची आणि चालू होताना ‘अमुक नावाची लायब्ररी मला हवी’ एवढी चिठ्ठी दाखवायची. ती शोधून आणून देणारा एक मध्यस्थ असतो. ठरलेल्या चार खोल्यांत तो पाहतो. तिथे नसेल, तर हात वर करतो.

माझी पहिली युक्ती लबाडीची होती. ४.२ ला मी ४.१ चे नाव चिकटविले. मध्यस्थ फसला! प्रोग्रॅम सुरू झाले, आणि दुसऱ्याच क्षणी पोस्टफिक्सने स्वच्छ सांगितले की, मला कंपाइल केले ४.१.२५ बरोबर आणि आता गाठ घालून दिली आहे ४.२.५२ शी, हे चालायचे नाही. वेनेमांनी ही तपासणी मुद्दाम घालून ठेवली आहे, आणि योग्यच केले आहे. नाहीतर पत्त्यांच्या याद्या भलत्याच वाचल्या जाऊन पत्रे कुठल्या कुठे गेली असती. त्याच सकाळी घरी जुन्या सोऱ्याची चकती नव्या सोऱ्यात बसविण्याचा प्रयोग झाला होता. चकती बसली, पण दाबल्याबरोबर पीठ चारी कडांनी बाहेर आले.

मग कपाटातली जुनी सीडी शोधली, ४.१ चा मूळ मजकूर काढला आणि पुन्हा कंपाइल करून बसविला. तरी रडगाणे तेच! ही लायब्ररी, काही वेगळे सांगितले नाही, तर आपल्यासाठी स्वतंत्र खोली बांधून तीत राहते, आणि त्या खोलीत मध्यस्थ डोकावत नाही. पहिल्या वेळी मी ती उचलून नेहमीच्या खोलीत ठेवली होती. पण हे लिहून ठेवण्याची बुद्धी मला झाली नव्हती.

यावरही तोड आहे. आपण काम करतो त्या खिडकीपुरते मध्यस्थाला सांगता येते की, ‘बाबा रे, या खोलीतही पाहत जा.’ तसे सांगितले. पत्त्यांची यादी तयार करण्याची आज्ञा दिली, बिनबोभाट चालली. डाक सुरू केली, बंद! माझ्यासमोर शहाण्यासारखे वागणारे पोर पाठ वळताच हूडपणा करावे, तसे चालले होते. दहा वाजले, तेव्हा जेवायला घरी आलो.

अप्पांनी विचारले, “काय रे, चेहरा का असा?”

अप्पांचा जन्म रेल्वेच्या डाकसेवेत गेला. धावत्या गाडीत उभे राहून पत्रे खणाखणांत टाकायची, हे त्यांचे काम. त्यांना संगणक कळत नसे. डाक मात्र कळे. मी सगळे सांगितले. मुलीचेही सांगितले.

“तोवर पत्रं कुठं आहेत?” त्यांनी प्रथम हेच विचारले.

“पाठवणाऱ्याकडे थांबलेली असतात, अप्पा. तिकडचं यंत्र पुन:पुन्हा आपलं दार वाजवतं. चार-पाच दिवस वाट पाहतं आणि मग पत्र परत करतं.”

“म्हणजे तीन गेले.” अप्पांनी ताक संपविले. “आणि तू ते नव्या खोलीचं सांगितलंस कुणाला? एकाला तोंडी सांगितलंस ना? पाळी बदलली की दुसऱ्याला काय ठाऊक? आमच्याकडे खण बदलला तर हुकूम वहीत चढवायचे.”

मी ताटावरून उठलोच. पोस्टफिक्स आपल्या हाताखालच्या प्रोग्रॅमना बोलावण्यापूर्वी बाहेरून आलेल्या अशा तोंडी सूचना झाडून टाकतो. त्याच्या छोट्या यादीत असतील तेवढ्याच आत जातात. कोणी भलत्याच खोलीतली बनावट लायब्ररी पुढे करू नये, म्हणून ही खबरदारी. हे मी पूर्वी वाचलेही होते!

मध्यस्थाचीही वही असते. तीत नव्या खोलीचा पत्ता एका ओळीत लिहिला आणि वही पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा दिली. चिकटविलेले खोटे नाव काढून टाकले. डाक सुरू केली. रात्रीचा एक वाजला होता.

पण पत्रे लगेच येत नाहीत. ज्याची त्याची यंत्रे आपापल्या वेळेला दार वाजवतात; कुणी तासाने, कुणी चार तासांनी. मी खुर्चीत बसून राहिलो. दीडला एक जाहिरात आली. तिला पाहून मला जो आनंद झाला, तो कुठल्याही जाहिरातीला पाहून कुणाला झाला नसेल. मग हळूहळू इतर पत्रे येऊ लागली. चार वाजून गेल्यावर त्या मुलीच्या नावाचे पत्र आले. वर पाठविल्याची तारीख होती: एकादशीची रात्र.

कागदावर छापून घेऊन मी तसाच तिच्या घरी गेलो. गावात अभ्यंगस्नानाचे बंब पेटले होते, पोरे फटाके उडवीत होती. तिने पत्र उभ्याउभ्याच वाचले. जागा मिळाली होती, विद्यावेतनासह. होकार मात्र पाडव्यापर्यंत हवा होता.

“तिकडून उशीर झाला नव्हता,” मी म्हणालो. “पत्र तीन दिवस आपल्याच दारात उभं होतं. चूक माझी. काल मी न पाहताच तुला सांगितलं.”

तिच्या आईने पुढे केलेली ताटली मला घेववेना. मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. तिने मला बरे वाटेल असे काही म्हटले नाही.

“सर, उत्तर आत्ताच पाठवता येईल?” एवढेच तिने विचारले.

आम्ही कॉलेजात गेलो. तिने पाच ओळी लिहिल्या, तीनदा तपासल्या आणि पाठविल्या.

“गेलं?”

मी रोजनिशी उघडून तिच्यापुढे केली. समोरच्या यंत्राने पत्र स्वीकारल्याची ओळ तिथे उमटली होती. तिने ती बोट ठेवून दोनदा वाचली, आणि मग आईने फडक्यात बांधून दिलेल्या चकल्यांची गाठ सोडली.