पळून जाण्याच्या पुढचा अंक

एटापल्लीच्या पावसाळ्यात पेटीचं लाकूड फुगतं आणि सूर अडकतात. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, त्याआधी मी पितळी सूर काढून पुसतो, लावतो. पट्टीचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो.

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत सरदाराची लेक आणि गरीब गवई असं कथानक आलं की पहाटेपर्यंत मंडपातून कुणी उठत नाही. दोघं वाडा सोडून पळाली की टाळ्या पडतात आणि पडदाही. मला दरवेळी बडोदं आठवतं. कैरान्याहून आलेले तरुण अब्दुल करीम खाँ तिथे दरबारात गात होते. राजघराण्याशी नातं असलेले सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होती. दोघांनी बडोदं सोडलं. पुढे मिरजेत संसार झाला. गोष्ट सांगणारे बहुतेक इथेच थांबतात.

खाँसाहेबांचा सूर केवढा काटेकोर! सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या श्रुतींच्या अभ्यासात त्यांच्या गळ्याची साथ होती. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. म्हणून गाणारा त्यावर स्थिरावला की मी बोट उचलतो. साथ करणाऱ्याला अशा गप्प जागांची सवय असते. त्यामुळेच असेल, या प्रेमकथेत माझं लक्ष ताराबाईंकडे जातं.

1922 च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली: अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, सकीनाची सरस्वती. बापाचं नाव गेलं, पण गायकी त्यांनी घरातून जाऊ दिली नाही. सुरेशबाबू आणि त्यांची बहीण हिराबाई बडोदेकर वडिलांच्या किराणा घराण्याचंच गायले. पुढे माणिक वर्मा, प्रभा अत्रे सुरेशबाबूंकडे शिकल्या. ज्या माणसाशी संसार तुटला त्याचंच गाणं मुलांच्या गळ्यात रोज ऐकायचं, आणि त्यांना थांबवायचं नाही, हे मला वाडा सोडण्यापेक्षा कितीतरी अवघड वाटतं.

वडशाच्या झाडीपट्टी नाटककारांना माझं मनापासून मागणं आहे: पळून गेल्यानंतरचा अंक लिहा. पडदा उघडतो तेव्हा मुलं रियाजाला बसलेली असावीत, आणि पहिलं पद आईच्या तोंडी द्या. चाल मी बांधीन.