पहिला आणि तिसरा शनिवार

आमच्या मुलीने दुसरा निकाह केला, म्हणून पोटच्या पोराला भेटायला तिला कोर्टाची परवानगी लागू लागली. 2020 साली तिने खुला घेतला तेव्हा नातू तीन वर्षांचा होता. मेहर सोडून ती मोकळी झाली. पोराबद्दल सासरच्यांनी तेव्हा ब्रही काढला नाही. तो आमच्याच घरी वाढत होता. 2022 मध्ये आम्ही तिचा निकाह लावून दिला. त्याच मे महिन्यात बाप पोराला चार दिवसांसाठी म्हणून घेऊन गेला आणि परत पाठवलंच नाही. वर कोर्टात अर्ज टाकला, की परक्या पुरुषाशी लग्न केल्यामुळे आईचा हिजानतचा हक्क संपला.

जमातीतल्या वडीलधाऱ्यांनीही मान डोलावली. "शरिअतच तशी आहे गुरुजी, काय करणार?" आम्हा नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे पुस्तक उघडल्याशिवाय चैन पडेना. हिजानत म्हणजे लहान मुलाला सांभाळण्याचा हक्क. हनफी मताप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत तो आईचा. आईने मुलाच्या नात्यात नसलेल्या पुरुषाशी लग्न केलं तर तो तिच्याकडून जातो, हेही खरं. पण जातो कुणाकडे? लगेच बापाकडे नव्हे. आधी नानीकडे, मग दादीकडे, मग बहिणी, खाला असा तो क्रम आहे. अर्धा मसला सांगून थांबणारे आपल्यात फार! आणि मूल कुणाकडेही असो, आईला किंवा बापाला त्याची भेट नाकारावी असं त्यात कुठेही नाही.

कोर्टात मात्र 1890 चा पालक व पाल्य कायदा चालतो. त्याच्या कलम 17 मध्ये मुलाचं कल्याण पाहायचं आहे आणि मुलाला लागू असलेला व्यक्तिगत कायदाही पाहायचा आहे. या दोन्हींच्या मधल्या फटीत वकिलांची वर्षं निघतात. आम्ही नानीचा मुद्दा मांडला. त्यावर निर्णय शेवटी होईल म्हणाले. तोपर्यंत अंतरिम आदेश असा झाला: पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, अकरा ते एक, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, फक्त आईने भेटावं.

ती खोली आम्ही दारातूनच पाहिली. चाक निघालेली सायकल, भिंतीवर मिकी माऊस, कोपऱ्यात समुपदेशक बाई आणि सहीचं रजिस्टर. आम्ही दोघं जिन्यात बसायचो. डबा आत नेता येत नसे. मुलगी सांगायची, पहिला अर्धा तास तो बोलतच नाही, आणि बोलायला लागला की विचारतो, "अम्मी, घंटी होने को कितना टाइम है?" महिन्याचे चार तास, त्यातला निम्मा वेळ ओळख पटण्यात जायचा. 2023 ची रमजान ईद शनिवारीच आली होती, 22 एप्रिलला. पण तो चौथा शनिवार, कोर्ट बंद. शिरखुर्मा शेजारच्या पोरांनी खाल्ला.

त्या ईदनंतर आम्ही ठरवलं, की या आदेशालाच आव्हान द्यायचं. वकिलांनी सांगितलं, कौटुंबिक न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर कलम 19 खाली अपील होत नाही, उच्च न्यायालयात रिट करावी लागते. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं. तेव्हा मुंबईच गाठावी लागे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर जायचं, दिवसभर बाकावर बसायचं, रात्री त्याच गाडीने परत. मुलीने बांगड्या मोडल्या. नवे जावई दर खेपेला सोबत आले, एका शब्दाने कुरकुरले नाहीत. हे मुद्दाम लिहितो, कारण अर्जात त्यांचा उल्लेख फक्त 'परका पुरुष' एवढाच होता.

आमच्या वकिलांचा भर यशिता साहू खटल्यावर होता. 2020 च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की आई आणि बाप दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटी व व्हिडिओ कॉल मिळायला हवेत. हक्क मुलाचा! आम्ही इतके दिवस आईचा हक्क, नानीचा हक्क म्हणूनच भांडत होतो. तेव्हापासून अर्जाची भाषाच बदलली.

उच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी खाली पाठवलं आणि वर्षअखेरीस नवा आदेश झाला. एक आड एक शनिवारी सकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत नातू आमच्या घरी, मे महिन्याची निम्मी सुट्टी, दर बुधवारी व्हिडिओ कॉल. ईदचा दुसरा दिवस आमचा.

मूळ अर्ज अजून पडून आहे. दरम्यान, 2024 मध्ये नातू सात वर्षांचा झाला. ज्या वयापर्यंतच्या हक्कासाठी नानीने अर्ज केला होता ते वय तारखांमध्येच सरलं, आणि समोरच्या वकिलांनी ते लगेच लिहूनही दिलं. आता कदाचित न्यायाधीश त्यालाच खोलीत बोलावून विचारतील. कायद्यात तशी सोय आहे. कुणाकडे राहायचं, हा प्रश्न पोराला विचारला जाईल या विचाराने आमची झोप उडते.

बुधवारी सातला फोन येतो. तिकडे फोन धरून त्याची दादी बसलेली असते. ती आधी सलाम करते, आम्हीही करतो, मग ती फोन त्याच्या हातात देऊन बाजूला होते.